फौजदार, लंगड्या आणि तांब्याचा गुंड

सहा वर्षांपूर्वी संत्रा तोडताना चंद्रकलाबाई शिडीवरून पडली, तेव्हा जमिनीवर आदळेपर्यंत तिनं हातातली कैची सोडली नाही. "कैची मालकाची होती, कंबर माही होती," असं ती अजून सांगते. कमरेचं हाड नागपुरात जोडलं गेलं, पण डावा पाय बोटभर आखूड राहिला. तिच्या गावाच्या, रामाकोन्याच्या, आसपास बाईमाणसाला हंगामाचं काम म्हणजे कापूस वेचणं, नाहीतर संत्रा तोडणं. एकाला दिवसभर वाकावं लागतं, दुसऱ्याला चढावं लागतं. तिची दोन्ही कामं एकाच दिवशी सुटली.

नवरा उत्तम सौंसरला जिनिंगमध्ये जातो. तो म्हणाला, "बस आता घरी. लय केलं." मुलगा स्वप्निल पुण्याला कंपनीत आहे. तो म्हणाला, "आई, इकडंच ये, पोराजवळ राहा." दोघंही मायेनंच बोलत होते. पण चंद्रकलाबाईला बसणं जमत नाही. पाहुणी म्हणून गेली तरी ती त्या घरचे तांदूळ निवडायला घेते. पुण्याला ती अकरा दिवस राहिली आणि बाराव्या दिवशी गाडीत बसली. "चवथ्या मजल्यावर सकाळ कवा झाली तेच समजत नाई," एवढंच तिनं कारण दिलं.

परत आली तेव्हा घरात चार कोंबड्या होत्या, त्यातली एक खुडूक बसलेली. चंद्रकलाबाईनं तिच्याखाली अकरा अंडी ठेवली आणि दहा पिल्लं निघाली. तिथून जे सुरू झालं ते आज अठ्ठावीस कोंबड्या आणि दोन कोंबडे इथवर आलं आहे. या कोंबड्या कापायच्या नाहीत आणि त्यांची अंडीही खायची नाहीत. त्या मायकोंबड्या. त्यांची अंडी फक्त पिल्लांसाठी.

सौंसरला बायांच्या गटानं अंडी उबवायचं मशीन घेतलं आहे. ते नलिनी चालवते. नलिनी लोधीखेड्याची, तिशीतली, बोलायला तिखट आणि वहीची पक्की. चंद्रकलाबाईची ऐंशी अंडी दर आठवड्याला तिच्या मशीनमध्ये बसतात. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात आणि गटातल्या बाया ती वाढवायला घरोघर नेतात. खायच्या अंड्याला कोंबड्याची गरज नसते, पिल्लाच्या अंड्याला असते. कवच घट्ट लागतं, आत जीव लागतो. जीव नसलेल्या अंड्याला इकडे फोल म्हणतात. सातव्या दिवशी नलिनी खोलीत अंधार करते आणि एकेक अंडं दिव्यासमोर धरते. जीव धरला असेल तर आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा दिसतात. फोल अंडं नुसतंच पिवळं उजळतं.

चंद्रकलाबाईची खुराडी दोन. पुढचं अंगणात, कडुनिंबाखाली. त्यात सोळा कोंबड्या आणि फौजदार. फौजदार म्हणजे तांबड्या मानेचा, हिरव्या शेपटीचा, रस्त्यानं कोणी गेलं तरी छाती काढून जाळीशी येणारा कोंबडा. दुसरं खुराडं घरामागे, उतारावर, दगडांच्या तीन पायऱ्या उतरून. त्यात बारा कोंबड्या आणि लंगड्या. लंगड्याचा पाय लहानपणी मुंगसानं धरला होता. रंगही धड नाही, राखेत लोळल्यासारखा. मागच्या खुराड्यातल्या अंड्यांवर चंद्रकलाबाई पेन्सिलीनं फुली मारते, म्हणजे कोणतं पिल्लू कोणाचं ते कळतं आणि पुढे त्यातल्या कोंबड्या ठेवायच्या झाल्या तर त्यांना परका कोंबडा देता येतो. "भावाबहिणीचं लगन लागू नये म्हून," ती म्हणते.

अंडी सौंसरला नेणारा हेमराज ऑटोवाला शेजारीच राहतो. तो एकदा म्हणाला होता, "काय वो वहिनी, मालकीन लंगडी न् कोंबडा बी लंगडा."

"तुहा आटो तरी कुठं चार चाकाचा हाय?" चंद्रकलाबाई म्हणाली होती.

आता गुंडाचं सांगायला हवं. चंद्रकलाबाईच्या घरात शिरलं की उजव्या हाताला लाकडी घडवंचीवर तांब्याचा गुंड आहे, पाणी भरून ठेवायचं गोल भांडं. तो तिच्या मायनं लग्नात दिला. माय लहान असताना गावच्या विहिरीवर त्यांच्या वस्तीतल्या बायांना दोर टाकू देत नसत. खाली मडकं ठेवून उभं राहायचं, कोणी वरून ओतलं तर ओतलं. पुढे वस्तीत स्वतःची विहीर झाली. तेव्हा मायनं मजुरीच्या पैशातून घरात पहिली वस्तू आणली ती हा गुंड. दागिना नाही, लुगडं नाही. "पानी आपलं, तं भांडं बी चांगलंच पायजे," म्हणाली. चंद्रकलाबाई दर बुधवारी तो चिंच आणि राखेनं घासते, आतून हात घालून, बाहेरून रगडून, आणि चिंच लागली की लगेच खळखळून धुते. त्यातलं रात्रभर ठेवलेलं पाणी सकाळी प्यायचं. पाहुणा आला तर त्यातलंच द्यायचं.

यंदा एप्रिल लागला तोच भट्टी घेऊन. पहिल्या आठवड्यातच पारा बेचाळिसावर गेला. कोंबड्या दुपारभर चोच उघडी टाकून धापत होत्या. चंद्रकलाबाईनं जाळीवर ओली पोती टाकली, पत्र्यावर तुरीचा कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, पसरला, आणि सौंसरच्या पशु दवाखान्यात जाऊन साहेबांना विचारलं. साहेबांनी नीट समजावून सांगितलं.

"धापली की कोंबडी खात नाही. खात नाही म्हणून कवच पातळ होतं. आणि कोंबड्याचं बीज उन्हानं कमजोर पडतं, ते तर दिसतही नाही. एरवी सी जीवनसत्त्व कोंबडीचं अंग स्वतःच बनवतं. उन्हाळ्यात ते पुरत नाही, वरून द्यावं लागतं."

त्यांनी एका पुडीत सी आणि ई जीवनसत्त्वाची भुकटी दिली. ती पाण्यातून. खाद्यात चिमूटभर खाण्याचा सोडा. खाद्य पहाटे आणि सांजेला, दुपारी नाही. संध्याकाळी शिंपल्यांचा चुरा. आणि एक छापील कागद दिला, हिंदीतला; सरकारी कागद या भागात हिंदीतच येतात. त्याच्या झेरॉक्स नलिनीनं नंतर गटातल्या सगळ्या बायांना वाटल्या. कागदावर लिहिलं होतं: साफ बर्तन में घोलें, सुबह ठंडे समय पिलाएँ.

साफ भांडं. चंद्रकलाबाईनं घरभर नजर फिरवली. प्लास्टिकची बादली होती, तिच्यात उत्तमचे जिनिंगचे कपडे भिजायचे. ॲल्युमिनियमचं पातेलं होतं, काळं पडलेलं. घरात साफ भांडं एकच होतं. तिनं सांजच्याला जेवणं झाल्यावर गुंडात पाणी भरलं, त्यात भुकटी कालवली आणि वर ताट झाकलं. पहाटे तेच पाणी पुढच्या खुराड्यातल्या भांड्यांत ओतलं, आणि मग रोज तसंच; माणसं तेवढे दिवस हँडपंपाचं पाणी प्यायची.

उत्तमनं ते पाहिलं. "मले ताप आला तं म्हंते, तुळशीचा काढा प्या. अन् कोंबड्यायले मायच्या गुंडातलं टॉनिक!"

"तुमी अंडी देता का?"

"प्रयत्न करून पाह्यतो."

"बसा मंग खुराड्यात."

मागच्या खुराड्याला मात्र गुंडातलं पाणी जायचं नाही. भरला गुंड घेऊन दगडाच्या तीन पायऱ्या उतरणं तिच्या कमरेला झेपत नव्हतं. तिकडे ती सकाळी मातीच्या थाळ्यात हँडपंपाचं ताजं पाणी ओतायची आणि चिमूटभर भुकटी बोटानं ढवळायची. आपल्या हातून मागच्यांना जरा कमीच मिळतं, याचं तिला वाईट वाटायचं.

एप्रिलच्या वीस तारखेला नलिनीनं भुकटी सुरू झाल्यानंतरचा पहिला ट्रे दिव्यासमोर धरला आणि फोन केला.

"मावशी, बसून घ्या."

"उभीनंच सांग."

"ऐंशीतली एक्केचाळीसच धरली. बाकी फोल."

मार्चमध्ये ऐंशीतली सत्तर धरायची.

"अन् आइका," नलिनी म्हणाली, "फुलीवाली चौतीस होती, त्यातली एकोनतीस धरली. बिनफुलीची शेचाळीस, त्यातली बारा. तुमच्या त्या देखण्या कोंबड्याले इचारा, काय करून राहिला दिवसभर."

नलिनीनं मग खरं काय ते सांगितलं. मृग लागल्यावर, जूनमध्ये, गटातल्या बायांना पिल्लं हवीत. तिनं त्यांना शब्द दिला आहे. "मधली अंडी आनू नका, मशीनचं लाईट फुकट जाते. तुमचा कोंबडा पाहा, पानी पाहा, काय पाह्यचं ते पाहा. मंग एक ट्रे पारखून पाहू. तीस मेले मी आखरी ट्रे लावतो. ऐंशीतली पंचावन पिल्लं निघाली तं ठीक. नाई तं मी नागपूरकडच्या फार्मवरून अंडी आनतो, अन् आनली म्हंजे वर्षभराचं बोलूनच आनन. दर आठवड्याले मले तुमच्या न् त्यायच्या अशा दोन दोन वह्या नाई जमत, मावशी. राग नोका मानू."

"राग कायचा," चंद्रकलाबाई म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिनं हिशेब केला नाही, कारण तो करायची गरजच नव्हती. अठ्ठावीस कोंबड्या खायच्या अंड्यांवर पोसल्या जात नाहीत. त्या बाजारात जातील, दोन-चार राहतील. मग स्वप्निल पुन्हा फोन करील, उत्तम या वेळी त्याच्या बाजूनं बोलेल, आणि चौथ्या मजल्यावर जायला तिच्याकडे नाही म्हणायला काही उरणार नाही.

ही बातमी गावात तिच्या आधी हेमराजनं नेली. दुसऱ्या दिवशी चावडीपर्यंत सगळ्यांना माहीत होतं की चंद्रकलाबाईचा फौजदार नुसता तुऱ्याचा आहे. बाया हँडपंपावर हसल्या. चंद्रकलाबाईलाही हसू आलं, पण घरी आल्यावर ती फौजदारासमोर बराच वेळ उभी राहिली. तो नेहमीसारखा छाती काढून जाळीशी आला.

"लाज नाई वाटत?" ती म्हणाली.

हेमराज संध्याकाळी आला. "वहिनी, याले आता ठेवून काय फायदा? माह्याकडं मसाला वाटून तयार हाय. ऐतवारी उत्तमभाऊ न् मी..."

"पंधरा दिवस थांब."

"पंधरा दिवसांत तो काय शिकन?"

तिनं फौजदाराला पाय धरून उचललं, पायऱ्या उतरून मागच्या खुराड्यात सोडलं आणि लंगड्याला पुढे आणलं. कोंबडा बदलला तरी कोंबडीच्या पोटात पंधरा दिवस जुन्याच कोंबड्याचं बीज चालतं, हे तिला अनुभवानं माहीत होतं. म्हणून पंधरा दिवस थांबायचं, मग आठवडाभर अंडी गोळा करायची. मधली अंडी गावात खायला गेली.

लंगड्याचं भाग्य उजळलं असं सगळ्यांना वाटलं. सोळा कोंबड्या, कडुनिंबाची सावली, गुंडातलं गार पाणी. चंद्रकलाबाईनं त्याला मूठभर बाजरी वेगळी दिली. हेमराज एक दिवसाआड मागच्या खुराड्यापाशी जाऊन फौजदाराची चौकशी करायचा, दवाखान्यातल्या माणसाला भेटायला गेल्यासारखी. "वजन चांगलं धरून राहिला, वहिनी."

"तुही नजर पडली तं उतरन," ती म्हणायची.

या दिवसांत एक गोष्ट तिच्या डोळ्यांसमोर रोज घडत होती. पुढच्या कोंबड्या सकाळी पाण्याशी यायच्या, चोच बुडवायच्या, मान झटकायच्या आणि मागे सरायच्या. दिवस चढल्यावर, अगदीच जीव गेला की प्यायच्या. तिला वाटायचं, उन्हानं यांची तहानच मेली. मागच्या खुराड्यात मातीचं थाळं आठ वाजायच्या आत कोरडं व्हायचं, त्याकडे तिनं लक्ष दिलं नाही. थाळं लहानच होतं.

बावीस मेला नलिनीनं पारखीचा ट्रे दिव्यासमोर धरला. या वेळी चंद्रकलाबाई स्वतः गेली होती. खोलीत अंधार होता, मशीनचा घुंघुं आवाज होता, आणि नलिनी एकेक अंडं उचलत होती. फुलीचं अंडं आलं की लाल जाळं दिसायचं. बिनफुलीचं आलं की पिवळा उजेड. तीनातलं एक धरलेलं, दोन फोल. मोजून झालं तेव्हा नलिनीनं खोलीतला मोठा दिवा लावला.

"हे काय हो मावशी? पुढं आता लंगड्या हाय न?"

"हो."

"न् मागं तो फौजदार?"

"हो."

"मंग याच्यात कोंबड्याचा काही दोष नाई."

"नाई," चंद्रकलाबाई म्हणाली. खोलीत स्टूल एकच होतं, ते नलिनीनं पुढे सरकवलं.

परतताना हेमराजच्या ऑटोत ती एकेक गोष्ट ताडून पाहत होती. कोंबडे बदलले तरी फोल अंडी त्याच खुराड्यात राहिली. म्हणजे दोष जागेचा. पण जागा तर पुढचीच बरी, झाडाखालची. खाद्य एकाच पोत्यातलं. सोडा एकाच डब्यातला. शिंपल्याचा चुरा एकच. भुकटी एकच. पुढच्यांना तर जास्त चांगली मिळत होती, गार पाण्यात, मायच्या गुंडातली.

हेमराजनं मागे वळून विचारलं, "मंग, मसाला फेकून देऊ का?"

"रस्ता पाह्य," ती म्हणाली.

घरी आली तेव्हा उत्तम दारात होता. त्यानं लोटीनं गुंडातलं तळाचं पाणी काढून पायावर घेतलं होतं आणि गुंड आडवा करून आत पाहत होता.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काई नाई. गुंड तं नवरीवानी चमकून राहिला आतून. कवा घासला?"

चंद्रकलाबाई म्हणायला गेली, बुधवारी. मग थांबली. बुधवारी तिनं फक्त बाहेरून घासला होता. त्याच्या आधीच्या बुधवारीही. आतून घासायची गरजच पडली नव्हती. एप्रिल लागल्यापासून गुंड आतून आपोआप लखलखत होता, आणि तिनं मनात म्हटलंही होतं, चला, एक काम कमी झालं.

ती आत गेली. फळीवरून भुकटीची पुडी काढली, बोट ओलं केलं, टेकवलं आणि जिभेला लावलं.

दीड महिना ती भुकटी रोज हाताळत होती. पण ते कोंबड्यांचं औषध होतं, ते तोंडात घालून पाहायचं तिला कधी सुचलं नव्हतं. जिभेवर कैरी ठेवल्यासारखं झालं. तिचा एक डोळा आपोआप मिटला.

"आंबट हाय," ती म्हणाली.

"असू दे न. तुले थोडी खायची हाय?"

"अवो, आंबट हाय! अन् मी ते रातभर तांब्यात ठेवून राहिली!"

उत्तमला समजायला थोडा वेळ लागला. पण त्याची आईही घरात तांब्यापितळेची भांडी वापरणारी होती. समजलं तेव्हा त्याचं हसू गेलं. ज्या घरात तांबं आहे, त्या घरातल्या पोरीला चालायच्या आधी कळतं की ताक, कैरी, चिंच तांब्यात ठेवायची नाही, कळकतं. चंद्रकलाबाई सात वर्षांची असताना तिनं याच गुंडात अर्धा लोटा ताक ओतलं होतं, थंड राहील म्हणून. ते प्यायल्यावर घरातली तीन माणसं रात्रभर उलट्या करत होती. मायनं तिला उलथण्यानं मारलं होतं. त्याचा व्रण कोपराखाली अजून आहे.

तिनं तो व्रण पाहिला नाही. ती अंगणात गेली आणि पुढच्या खुराड्यातली भांडी एकेक करून उलटी केली. शेवटचं भांडं ओतायच्या आधी त्यातल्या पाण्यात बोट बुडवून चाखलं आणि थुंकली. पाणी कसनुसं, जिभेला पैसा लावल्यासारखं लागत होतं. कोंबड्या मान झटकत होत्या ते उन्हानं नाही. त्या सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी तिनं दवाखान्यात फोन लावला. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर धरलंत. तांब्यात हे जीवनसत्त्व टिकतच नाही, रात्रभरात जातं. वरून पाण्यात तांबं उतरतं, म्हणून कोंबड्या कमी पितात. उन्हाळ्यात कमी प्यालं की झालंच. मातीचं भांडं घ्या, नाहीतर प्लास्टिकचं. सकाळी कालवा, तीन तासांत संपवा."

"कागदावर लिहिलं नव्हतं, साहेब."

"नाही," साहेब म्हणाले. "आम्हालाही सुचलं नाही की कोणी कोंबड्यांना तांब्यात पाणी देईल."

त्यानंतर तिनं जो फोन केला तो जास्त अवघड होता. तीस मे सात दिवसांवर होता. आज पाणी सुधारलं तरी लगेच अंडं सुधारत नाही. तिला दिवस मागून घ्यायचे होते.

"नलिनीबाई, चार दिवस थांबता का? तीन जूनले ट्रे लावा."

"काहून?"

"पान्यात चूक झाली होती. आता नाई होनार."

"काय चूक?"

चंद्रकलाबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. गटातल्या बायांना कोंबड्यांचं काही अडलं तर त्या तिला विचारायच्या. तिचं नाव त्यावरच होतं.

"सांगाल तं थांबतो, मावशी. नुस्तं थांबा म्हटलं तं मी बायायले काय सांगू?"

मग तिनं सांगितलं. गुंड, भुकटी, ताट झाकून रात्रभर ठेवणं, सगळं.

"माय वो," नलिनी म्हणाली. आणि मग, "चार दिवस. पाचवा नाई."

उत्तमनं सौंसरहून दोन रुंद तोंडाची मातीची मडकी आणली, एक पुढच्यासाठी, एक मागच्यासाठी. मागचं मडकं तो कामावर जायच्या आधी स्वतः उतरवून ठेवू लागला. चंद्रकलाबाई पहाटे पाचला उठून भुकटी कालवायची. पहिल्या दिवशी पुढच्या कोंबड्यांनी चोच बुडवली, मान वर केली, आणि पुन्हा बुडवली. तिनं उभ्याउभ्या पाहिलं. लंगड्याही प्यायला. आठ वाजता मडकं रिकामं होतं.

ऊन कमी झालं नव्हतं. मेच्या शेवटी पारा पंचेचाळिसाला टेकला आणि मागच्या खुराड्यातली एक कोंबडी धापून मेली. अंडी कमी झाली. तीन जूनपर्यंत कशीबशी ऐंशी जमली, त्यातली दोन तिनं कवच पातळ वाटलं म्हणून बाजूला काढली आणि त्यांच्या जागी त्याच दिवशीची गरम दोन ठेवली. हेमराजनं ऑटोत कुटाराची गादी केली आणि सौंसरपर्यंत एकही खड्डा घेतला नाही.

सातव्या दिवशी नलिनीचा फोन आला नाही. चंद्रकलाबाईनंही केला नाही. उत्तम म्हणाला, "इचार न." ती म्हणाली, "निघतीन तवा निघतीन."

चोवीस जूनला ती गेली. बाहेर गटातल्या सात-आठ बाया टोपल्या घेऊन पायरीवर बसल्या होत्या, पिल्लं न्यायला. आतून चिवचिव ऐकू येत होती, पण चिवचिव वीस पिल्लांचीही होते आणि साठांचीही. नलिनी दारात आली. तिच्या ओढणीला कवचाचे तुकडे चिकटले होते.

"अठ्ठावन," ती म्हणाली. "दोन कमजोर हाय, पन चालून राहिले."

चंद्रकलाबाईनं पदरानं मान पुसली. "बिनफुलीची किती?"

"सत्तावीस."

"कमीच हाय."

"मावशी, पंचावन मांगतले होते. अठ्ठावन निघाले. आता भांडू नोका." नलिनीनं वही काढली. "नागपूरवाल्याले मी नाई सांगतलं. पुढच्या हप्त्याचा ट्रे आना. अन् तो कागद, आता त्याच्यावर हातानं लिहून देतो म्हंतो मी. पन आधी तुमीच सांगा यायले. माह्यापेक्षा तुमी सांगतलं तं समजन."

बाया पायरीवरून पाहत होत्या. चंद्रकलाबाई टेकून उभी राहिली, आखूड पाय पुढे टाकून, आणि तिनं काहीही न वगळता सांगितलं. उत्तम काय म्हणाला तेही सांगितलं. बाया हसतील असं तिला वाटलं होतं. एक-दोघी हसल्याही. मग मागच्या पायरीवरची अर्चना, जिच्याकडे मोहगावच्या रस्त्याला पंधरा कोंबड्या आहेत, हळूच म्हणाली, "बाई, मी तं सासूबाईच्या पितळेच्या घंगाळात कालवून राहिली. कागदावर साफ बर्तन लिहिलं होतं न."

"माह्या इथं बी तांब्याचाच हंडा हाय," दुसरी म्हणाली. मग आणखी एक. नलिनीनं वहीत काहीतरी लिहायला घेतलं होतं, ती लिहायची थांबली.

परत येताना हेमराजनं विचारलंच. "मंग वहिनी, फौजदाराचं?"

"नोकरीवर हाय तो."

"अन् माह्या मसाल्याचं?"

"वांग्यात टाक."

गुंड परत घडवंचीवर आहे. बुधवारी आतून-बाहेरून घासला जातो, त्यात नुसतं पाणी असतं, माणसांसाठी. हेमराज आला की त्यातलंच पितो. चंद्रकलाबाईला मात्र एक नवी सवय लागली आहे. कोंबड्यांना काहीही द्यायच्या आधी ती ते बोटानं जिभेला लावून पाहते. भुकटी, सोडा, मक्याचा भरडा, सगळं. परवा नवं पोतं उघडल्यावर तिनं शिंपल्याचा चुरा तोंडात टाकला, तेव्हा उत्तम दारातून म्हणाला, "आता तेवढं नोको. दात पडले तं भाकर कायनं चावशीन?"

"कालवून खाईन," ती चुरा चघळत म्हणाली, आणि मूठ भरून पुढच्या खुराड्याकडे गेली.